उकळलेलं तीर्थ

बाबांच्या डोळ्यांतला पिवळेपणा घरात सगळ्यांत आधी मोठ्या काकांना दिसला. दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. बाबा दारात आरसा ठेवून दाढी करत होते. काका तुळशीला पाणी घालून परतताना थांबले, त्यांच्याकडे बघत राहिले, मग त्यांना दंडाला धरून उजेडात नेलं आणि खालची पापणी ओढून पाहिली. बाबांच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

आम्ही मूळचे रंगारी. आता घरात कुणी कापड छापत नाही. इथे कानडी मुलुखात, अग्रहार पेठेत बाबांचं लहानसं दुकान आहे, रेशमी साड्या पॉलिश करायचं आणि विटलेल्या साड्यांना पुन्हा रंग द्यायचं. मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, जन्मभर त्याच दुकानामागच्या भट्टीपाशी उभे राहिले. गुडघे गेले तसे घरी बसले. त्यामुळे पिवळ्याच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ते एवढंच म्हणाले, "हा वरचा नाही. आतून आलाय."

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मायक्रोबायॉलॉजी हा माझा एक विषय, पण घरच्यांना त्याचा अर्थ 'डॉक्टरकीच्या जवळचं काहीतरी' असा वाटायचा. कुणाला शिंक आली तरी "पुट्टीला विचारा" म्हणायचे. पुट्टी म्हणजे लहानगी. कानडीतलं हे लाडाचं नाव मला अजून चिकटलेलं आहे. विचारलं की मी गप्प व्हायचे. एक तर मला फारसं येत नव्हतं. दुसरं, जे येत होतं ते घरच्या भाषेत येत नव्हतं. शाळा कानडीत झाली, कॉलेज इंग्रजीत. घरच्या मराठीत मला स्वयंपाक करता येतो, भांडता येतं, देवाचं म्हणता येतं आणि रंगांची नावं सांगता येतात. विषाणू हा शब्द मी मराठीत पहिल्यांदा वाचला तो कॉलेजच्या वाचनालयात, एका जुन्या मासिकात. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेल्या बायका दुकानात साड्या घेऊन येतात, त्यांचं मराठी ऐकताना मला नेहमी वाटतं की ह्यांना सगळ्याला शब्द आहेत.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी बाबांचं रक्त तपासायला पाठवलं. कावीळ होती, आणि ती पाण्यातून येणाऱ्या प्रकारची, ज्याला त्या 'ई' म्हणाल्या. बाबांना त्यांनी धीर दिला. बहुतेकांना ही काही आठवड्यांत आपोआप बरी होते, विश्रांती घ्या, हलकं खा, कुणीही दिलेली पानंमुळं खाऊ नका, त्याचा भार यकृतावर पडतो. मग चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, घरात कुणी गरोदर आहे का.

अक्का होती. माझी मोठी बहीण, पिरियापट्टणला दिलेली, सातवा संपून आठ दिवसांपूर्वीच पहिल्या बाळंतपणाला आलेली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे वळून इंग्रजीत त्या जे बोलल्या ते मी बाबांना तिथेच नीट सांगितलं नाही, आईला घरी येऊन सांगितलं. ही कावीळ इतरांना झाली तर त्रास होतो आणि जाते. शेवटच्या महिन्यांतल्या बाईला झाली तर ती जिवावर बेतू शकते, तिच्याही आणि बाळाच्याही. त्यावर औषध नाही, आणि आपल्याकडे सहज मिळेल अशी लसही नाही. होऊ द्यायची नाही, एवढाच उपाय.

अक्काला परत पाठवायचा विचार आईच्या मनात येऊन गेला. पण तिचं नाव इथल्या इस्पितळात घातलेलं, तिकडे सासूबाई स्वतः अंथरुणाला खिळलेल्या, आणि एकदा ओटी भरून आणलेली लेक बाळंत झाल्याशिवाय मागे पाठवायची नाही हा आमच्यातला रिवाज. शिवाय आठ दिवस ती इथलं पाणी प्यालीच होती. दसऱ्यापासून आमची गल्ली नळासाठी खणलेली होती. मध्ये एकदा नळाला गढूळ पाणी आलं होतं, आणि ते अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत गेलं होतं. गल्लीत आणखीही दोन-तीन घरांत कावीळ असल्याचं आता ऐकू येत होतं.

त्या दिवसापासून आईनं घराचा ताबा घेतला. सकाळी उठून ती मोठं पातेलं गॅसवर ठेवायची, पाणी खळखळून उकळल्यावर घड्याळाकडे बघत उभी राहायची, मग झाकून निववायची. प्यायला ते, तांदूळ धुवायला ते, दात घासायलाही तेच. बाबांचं ताट-वाटी वेगळी. साबण इतका संपायला लागला की कोपऱ्यावरच्या दुकानदारानं आमच्याकडे लग्न आहे का म्हणून विचारलं. अक्का पाय पसरून बसल्या बसल्या म्हणायची, "आई, आता मलाच तेवढं उकळायचं राहिलंय बघ." आईला हसू येत नव्हतं.

बाबांना वेगळीच काळजी. भेटायला येणारा प्रत्येक जण बन्नूरच्या बाजूला एक जण काविळीवर पाला देतो, रविवारी उपाशीपोटी घ्यायचा, हे सांगून जायचा. बाबांना डॉक्टरबाईंचा राग आला होता. पैसे घेऊन औषध नाही म्हणणारा डॉक्टर त्यांनी पाहिला नव्हता. एका दुपारी त्यांनी मला विचारलं, औषधच नाही तर मी बरा कशानं होणार?

मला वर्गात शिकलेलं सगळं आठवत होतं, पण शब्द एकही चालणारा नव्हता. मग मी त्यांना दुकानातलं विचारलं. एखादी बाई विटलेली साडी आणते आणि काठाशी जुळेल असाच रंग हवा म्हणते, तेव्हा पहिल्या वेळी ती छटा जुळवायला तुम्हाला किती वेळ लागतो? बाबा म्हणाले, कधी कधी अख्खा दिवस. थोडा हा, चिमूटभर तो, चिंधी बुडव, बघ, पुन्हा. आणि तीच छटा पुन्हा आली तर? बाबा म्हणाले, मग काय, हात आपोआप त्या डब्याकडे जातो.

मी म्हटलं, आत तेच चाललंय. रोग नवा आहे. त्याच्यावर नेमकं बसेल असं काहीतरी अंग बनवतंय, एक करून बघतं, दुसरं करून बघतं. म्हणून थकवा आहे. जुळलं की ते भराभर तसंच बनवत सुटतं, आणि जुळलेलं विसरत नाही.

बाबा छताकडे बघत म्हणाले, म्हणजे आत कारागीर बसलाय. त्यानंतर जो येईल त्याला ते हे सांगायचे, माझ्यापेक्षा चांगलं सांगायचे, आणि पाल्याचा विषय निघाला की "कारागिराला मध्येच कुणी हात लावायचा नसतो" म्हणून मोडून काढायचे. माझं शिक्षण घरात कामाला आलं असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. त्या आनंदात मी दोन दिवस होते.

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी सकाळी घरात होते. काका अंघोळ करून ओलेत्यानं अंगणात आले. त्यांनी टाकीचं झाकण सरकवलं, दोरीनं तांब्या सोडला, पाणी शेंदलं आणि कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं देवघरात गेले. रोजच जायचे. मी लहानपणापासून बघत आले होते. त्याच पाण्यानं देवांना स्नान, आणि ताम्हणात जमलेलं ते पाणी तुळशीचं पान घालून घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर. तीर्थ.

आम्ही दात घासायला उकळलेलं पाणी वापरत होतो आणि त्यानंतर लगेच टाकीतलं पाणी पीत होतो.

आई एवढी काटेकोर, तिला हे का सुचलं नाही, असं आता कुणीही विचारेल. मलाही सुचलं नव्हतं. आमच्या लेखी तीर्थ हे पाणी नव्हतंच. आणि सुचलं असतं तरी आईचं उकळलेलं पाणी देवाला चाललं नसतं. ते स्वयंपाकघरात असायचं, त्यात दहा हातांनी ओगराळं बुडायचं. देवाच्या पाण्याला एकच अट होती, भरणाऱ्याशिवाय कुणी शिवलेलं नसावं. काकांच्या दृष्टीनं टाकीतलं पाणी सगळ्यांत शुद्ध होतं.

काकू गेल्यापासून देव काकांकडे होते. त्यांना मूलबाळ नाही. सकाळचं तीर्थ देणं हे त्यांचं घरातलं काम होतं आणि काका ते मनापासून करायचे. पळीनं तळहातावर घालताना जे म्हणायचे त्याचा अर्थ मला शाळेत असतानाच त्यांनी सांगितला होता, हे पाणी अवेळी येणारं मरण टाळतं आणि सगळे रोग घालवतं. बाबा आजारी पडल्यापासून ते त्यांना अंथरुणात तीर्थ नेऊन देत होते. आणि अक्काला तीन पळ्यांवर आणखी एक द्यायचे. "ही आतल्याची," म्हणायचे. अक्का ती पिईपर्यंत समोर उभे राहायचे.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले आणि आमच्या मॅडमना तास संपल्यावर गाठलं. मला खरं तर त्यांच्याकडून सुटका हवी होती. तांब्याच्या भांड्यात काही जंतू मरतात असं मी वाचलं होतं. तुळस होती, चिमूटभर कापूर होता. एवढं पुरे, असं त्यांनी म्हणावं अशी माझी इच्छा. त्यांनी विचारलं, पाणी भांड्यात किती वेळ असतं? मी सांगितलं, पूजा होईपर्यंत. त्या म्हणाल्या, तांब्याच्या भरवशावर राहू नकोस.

घरी आल्यावर मी अक्काला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. तीर्थ पिऊ नकोस, डोळ्यांना लाव आणि सोडून दे. ती घाबरली, पण घाबरली की चिडते तशी चिडली.

"काकांच्या समोर? ते माझ्या घशाकडे बघतात गं, घोट उतरला की नाही."

"मग काय करायचं?"

"शिकलीस ना तू? मग बोल त्यांच्याशी. का फक्त बाबांना गोष्टी सांगायला शिकलीस?"

ते खरं होतं म्हणून मला लागलं. पण काकांशी असं बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. बाबाही त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत. मी कुठून सुरुवात करणार होते? तुमच्या हातच्या तीर्थात रोग असू शकतो, हे वाक्य मी मनात कानडीत करून पाहिलं, मराठीत करून पाहिलं. दोन्हींत ते शिवीसारखं वाटत होतं.

मी बोलले नाही, तेव्हा अक्कानं आपल्या परीनं मार्ग काढला. हात तोंडाशी नेऊन प्यायल्यासारखं करायचं आणि पाणी पदरात जिरवायचं. दोन दिवस जमलं. पण ज्याचं आयुष्य कापड भिजताना बघण्यात गेलं त्याच्यासमोर सुती पदराला पाणी पुसायचं, हे कसं लपणार होतं?

काकांनी अक्काला काही विचारलं नाही. दुपारी मी मागच्या अंगणात कपडे धूत होते तिथे आले आणि धुण्याच्या दगडाच्या कडेला गुडघे सांभाळत बसले.

"पोरीनं तीर्थ पदराला पुसलं," ते म्हणाले. "का, ते तुला माहीत आहे."

माझे हात साबणात होते. मी तसेच ठेवून बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. गल्ली खणली, नळाला गढूळ आलं, टाकीत गेलं, डॉक्टरबाई अक्काबद्दल काय म्हणाल्या. हेही म्हटलं की तीर्थाला काही नाही, पाण्याचं म्हणतेय. काकांनी मध्ये तोडलं नाही. मी संपवल्यावर म्हणाले, "पाण्यात काहीतरी आहे अंते." अंते म्हणजे 'म्हणे'; ऐकीव गोष्टीला आम्ही तो कानडी शब्द लावतो. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांच्या कामात कुणीतरी न बघता खोट काढली होती, आणि ती आता बघून ठरवायला हवी होती.

ते उठून आत गेले आणि रंगांची जुनी पेटी काढून घेऊन आले. त्यांनी मला दोन स्टीलची भांडी मागितली. एकात स्वतः टाकीतून पाणी शेंदून घातलं, दुसऱ्यात आईचं उकळून निवलेलं. अंगणातल्या चुलीवर शेजारी शेजारी ठेवून तापवली. पेटीतून पुडी काढून दोन्हींत सुईच्या टोकावर मावेल एवढा गुलाबी टाकला, आणि पांढऱ्या रेशमाच्या दोन चिंध्या सोडल्या. काठीनं हलवत राहिले. आई दारात येऊन उभी राहिली, बाबा अंथरुणातून उठून खिडकीशी आले, अक्का पायरीवर बसली.

मला हे ठाऊक होतं. नवीन बोअर, नवीन नळ, कुठलंही पाणी दुकानात वापरण्याआधी काका असंच तपासायचे. गडद रंग काहीही झाकून नेतो. फिका गुलाबी मात्र पाण्यात जरा लोह असलं, क्षार असला, गाळ असला की मळतो. त्यांच्या हयातीत फिक्या गुलाबीनं त्यांना कधी फसवलं नव्हतं.

चिंध्या निघाल्या. पिळून त्यांनी त्या दोरीवर टाकल्या. टाकीच्या पाण्यातली स्वच्छ, कमळाच्या पाकळीसारखी उतरली होती. आईच्या पाण्यातलीही तशीच, कदाचित किंचित मळकट. पातेल्याच्या बुडाचा क्षार असेल.

"नोड," काका म्हणाले. "बघ."

माझ्या मनात आलं की दोन्ही पाणी चुलीवर उकळलंच होतं, तेव्हा त्यात काही असलं तरी ते आता मेलेलं होतं. तसं म्हणून मी वादात जिंकले असते. पण काकांचा चेहरा बघितला. ते मला हरवायला बसले नव्हते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं, आणि जाणून घ्यायची त्यांच्याजवळ होती ती सगळ्यांत चांगली पद्धत त्यांनी वापरली होती.

मी म्हटलं, "काका, ते रंगाला लागत नाही. वासाला लागत नाही. चवीलाही नाही."

"हौदा? असं का? मग कळतं कसं?"

मी अक्काकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवूनच बोलले.

"कुणीतरी आजारी पडल्यावर."

काकांनी मात्र बघितलं. आधी खिडकीतल्या बाबांकडे, मग पायरीवरच्या अक्काकडे. त्यांनी दोरीवरची ओली चिंधी काढली, घडी केली, पुन्हा उलगडली. मग पेटी बंद करून आत गेले. रात्री जेवले नाहीत. आई मला म्हणाली, जरा सुम्ने, गप्प, राहिली असतीस तर. मग स्वतःच म्हणाली, नाही, राहून चाललं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणातून धूर येत होता. काका ओलेत्यानं चुलीपाशी उकिडवे बसले होते. गुडघ्यांना ते किती जड गेलं असेल. चुलीवर देवाचा तांब्याचा हंडा होता, जो एरवी फक्त दिवाळीला निघतो. नरकचतुर्दशीला देवांना तेल लावून ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं असतं, त्यासाठी. त्यांनी पाणी स्वतः शेंदलं होतं, स्वतः चढवलं होतं, कुणी शिवलं नव्हतं. मी लांब उभी राहिले.

"दिवाळीला ऊन पाणी चालतं देवाला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "थंडी काय एकाच दिवशी असते?"

मग थोड्या वेळानं, "किती उकळायचं?"

मी सांगितलं. बुडबुडे तळाशी धरले म्हणजे उकळलं असं नाही, वर येऊन फुटायला लागले तरी नाही. खळखळून उकळी आल्यावर थोडा वेळ. ते जरा रागावून म्हणाले की पाणी उकळलं कधी म्हणायचं हे तू मला शिकवू नकोस. मला फार बरं वाटलं.

त्या दिवशी पूजेला उशीर झाला, कारण निवेपर्यंत थांबावं लागलं. काकांनी अक्काच्या तळहातावर तीन पळ्या घातल्या आणि चौथी घालताना थांबले. तिनं हात पुढे केला. ती प्याली.

पण एवढ्यावर ते संपलं नाही, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. तीर्थाचं पाणी उकळायला लागलं ते त्या दिवसापासून. आधी गेलेल्या पाण्याचं काय, हे आत तिच्या अंगालाच ठाऊक होतं. मी वर्गात बसायचे, फळ्यावर पेशी कशा ओळखतात, कशा लढतात त्याच्या आकृत्या काढायचे, आणि त्या प्रत्येक आकृतीत मला अक्का दिसायची. पुस्तकात ही लढाई फार नीटनेटकी असते. बाणांनी दाखवलेली. कोण जिंकणार ते चित्राच्या उजव्या टोकाला लिहिलेलं.

बाबांचा पिवळेपणा उतरला, भूक परत आली, ते दुकानात जायला लागले. अक्काला नववा लागला. आणि एका दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. पोटात उजवीकडे दुखतं म्हणाली. बाबांचंही असंच सुरू झालं होतं.

रिक्षात आई, अक्का आणि मी बसलो, तेवढ्यात काका चपला घालून आले आणि रिक्षावाल्याच्या शेजारी बसले. गुडघे गेल्यापासून ते गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे गेले नव्हते. दवाखान्यात सुई टोचताना अक्कानं माझा हात धरला. काका बाहेर बाकावर होते. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी सरकून जागा दिली. रक्ताचा निकाल संध्याकाळी मिळणार होता. घरी जा, फोन करू, असं सांगत होते, पण कुणी उठलंच नाही.

निकाल चांगला होता. यकृताला काही नव्हतं. डॉक्टरबाईंनी कागद वाचला, अक्काचं पोट तपासलं आणि विचारलं, काल काय खाल्लं? अक्का जमिनीकडे बघायला लागली. थंडीचे दिवस, बाजारात अवरेकाळू आले होते, हे आमच्याकडचे पावटे. शेजारच्या बाईंनी दिलेली त्यांची उसळ आईच्या नकळत हिनं एकटीनं संपवली होती, दोन वेळा. आई तिथेच तिला बोलायला लागली, बोलता बोलता रडायला लागली, आणि डॉक्टरबाई मला म्हणाल्या की ह्यांनाच जरा पाणी द्या. आईनं ते घेण्याआधी विचारलं, उकळलेलं आहे ना.

अक्का पुढे वेळेवर बाळंत झाली. मुलगी झाली. इस्पितळातच तिला पहिल्या लसी दिल्या. टोचताना ती किंचाळली तेव्हा बाहेर बसलेले बाबा उठून उभे राहिले आणि मग आपल्यालाच हसले.

घरी आल्यावर बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवायचं काम काकांनी आपणहून घेतलं. न्हाणीत चुलीशी ते एका बाजूला नारळाच्या सोडणांचा ढीग घेऊन बसायचे. एक दिवस आई बाळाला तेल लावत होती, मी बादली न्यायला आले होते. काका जाळाकडे बघत म्हणाले, "एक विचारू? खरं सांग."

मी थांबले.

"त्या पाण्यात होतं का? तुझ्या बाबाला माझ्या हातून गेलं का?"

चिंध्या रंगवल्या त्या दिवसापासून ते हा प्रश्न मनात घेऊन बसले होते. मला त्यांचं समाधान करता आलं असतं. बाबा दुकानात चहा पितात, कुठेकुठे पाणी पितात, गल्लीत इतरांनाही झाली. ते सगळं खरंच होतं आणि मी ते सांगितलंही. पण एवढंच सांगून थांबले असते तर ते खोटं झालं असतं.

"माहीत नाही, काका," मी म्हटलं. "तेव्हा तपासलं नाही. आता कधीच कळणार नाही."

त्यांनी मान हलवली. एक सोडण जाळात सारलं.

"आणि अक्काला झालं नाही, ते आपण उकळलं म्हणून?"

"तेही माहीत नाही."

आतून आईनं हाक मारली, पाणी झालं का म्हणून. काकांनी कोपर बुडवून पाहिलं, जरा जास्त ऊन होतं. शेजारी आधी उकळून निववलेल्या पाण्याचं घमेलं झाकून ठेवलं होतं, त्यातलं त्यांनी थोडं थोडं घातलं, हात फिरवला, पुन्हा कोपर बुडवलं.

"दोन्ही कळत नाही," ते म्हणाले. "सरी, ठीक आहे. मग उकळत राहायचं."

मी बादली उचलली. ते म्हणाले, हळू, हिंदकळेल.